दारावरच्या माशाच्या परवानगीबाबत

नाबल,
रविवार, १७ मार्च २०१९

परमप्रिय आणि आदरणीय नासरमामा,

सर्वप्रथम सलाम. अल्लाह तुमचं घर भरलेलं ठेवो, तुमचा गुडघा वाकता ठेवो आणि लतीफामामींचा आवाज घरभर ऐकू येत राहो. गुडघा उजवा की डावा हे मला आठवत नाही, तेव्हा दुआ दोन्हींसाठी समजावी. कॅनरी गाते का? (मागच्या ईदला फोनवर आधी तीच बोलली होती, आणि तुम्हीही तिच्याइतकंच बोलून फोन ठेवलात. मी ते मनात ठेवलेलं नाही. तारीख तेवढी लिहून ठेवली आहे.) इकडे सगळे खुशाल. तुमच्या बहिणीचं, म्हणजे आमच्या उम्मीचं, ऐंशीव्या वर्षीही खाणंपिणं, चालणं आणि रागावणं वेळच्या वेळी चालू आहे. ती तुमचं नाव घेत नाही. दिवसातून चार-पाच वेळा घेत नाही. परवा मसूर निवडताना मध्येच म्हणाली, "मी कोणाबद्दल काही बोलत नाहीये हं." आम्ही कोणी काही विचारलंही नव्हतं.

पत्र बघून तुम्हाला वाटेल, शाजलीला मामाची आठवण झाली म्हणजे काहीतरी काम निघालं असणार. तर तसं अजिबात नाही. एकतीस वर्षं पोरांना भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस आपल्या सख्ख्या मामाला सहज चार ओळी लिहू शकत नाही का? आणि त्या कॉफीच्या प्रकरणाबद्दलही मी काही लिहिणार नाही. तीन वर्षं झाली, उगाळण्यात अर्थ नाही. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला चाळीस बायकांच्या देखत उम्मीने स्वतःच्या हाताने तुम्हाला कॉफी दिली, तुम्ही खिशातून सफाक्सच्या दुकानातली छापील लेबलाची बाटली काढलीत आणि त्यातले तीन थेंब कॉफीत टाकलेत. उम्मी म्हणते, ते दुकानातलं फूलपाणी होतं. तुम्ही म्हणता, ते पोटाचे थेंब होते. आता जिच्या घरात चार पिढ्या नारिंगीच्या फुलांचा अर्क निघतोय, त्या बाईच्या समोर माणसाने एक तर पोट बिघडू देऊ नये, नाहीतर ते अंगणात जाऊन बरं करावं. पण मी काही लिहिणार नाही म्हटलंय, तेव्हा लिहीत नाही.

तर मी सांगत होतो ती आमच्या वेबसाइटची गोष्ट. निवृत्तीनंतर माणसं कॅफेत पत्ते खेळतात. मी उम्मीच्या अर्काची वेबसाइट केली. स्वतः केली, पुस्तक आणून. वरती नाव, मधे आमच्या तांब्याच्या भट्टीचा फोटो, खाली मागणी नोंदवायची जागा, आणि उजव्या कोपऱ्यात दारावरचा निळा मासा. (माशाबद्दल पुढे येईल. तो या गोष्टीत मुद्दाम उशिरा येतो, आमच्याकडेही तसाच आला.) मामा, तुम्हाला पटणार नाही, पण पॅरिसहून, लियॉंहून, मॉंट्रियलहून आपल्या लोकांच्या मागण्या यायला लागल्या. परदेशात गेलेल्या माणसाला आईची आठवण आली की तो आधी फूलपाणी मागवतो आणि मग आईला फोन करतो. गेल्या वर्षी तर एप्रिल संपायच्या आत अर्काचे सगळे काचेचे फश्के रिकामे झाले, आणि उम्मीने पहिल्यांदाच मला "काहीच न करण्यापेक्षा हे बरं" असं म्हटलं. आमच्याकडे याला कौतुक म्हणतात हे तुम्ही जाणताच.

मग कुठून दुर्बुद्धी झाली कोण जाणे, पण गेल्या उन्हाळ्यापासून वेबसाइट उघडली की वर पत्त्याच्या आधी बारीक अक्षरांत "सुरक्षित नाही" असं यायला लागलं. मी दुर्लक्ष केलं. शाळेत शिक्षणाधिकाऱ्यांच्या शेऱ्यांकडे करायचो, त्याच पद्धतीने. पण फेब्रुवारीत बँकेचं पत्र आलं: एकतीस मार्चपर्यंत त्या जागी कुलपाचं चिन्ह दिसलं नाही, तर कार्डाने मागणी घेणं बंद. आणि फुलं कधी येतात? पंचवीस मार्चला. म्हणजे इकडे भट्टी पेटणार आणि तिकडे दुकानाचं दार बंद होणार. मी उम्मीला घाबरत घाबरत सांगितलं. ती म्हणाली, "सुरक्षित नाही असं म्हणतंय कोण?" मी म्हटलं, ब्राउझर म्हणतो. "तो कुठला? नाबलचा की हम्मामातचा?" कुठलाच नाही म्हटल्यावर तिने त्याचं डोकं ठिकाणावर नसल्याचा निर्णय दिला आणि त्याला एक छोटी बाटली पाठवून दे, चव घेतल्यावर बोलणार नाही, असं सुचवलं.

तेव्हा मी तिला नीट समजवायचं ठरवलं. पृथ्वीचा गोल आणला, त्यावर लियॉंपासून नाबलपर्यंत दोरा ताणला आणि सांगायला सुरुवात केली, की गिऱ्हाईक आपलं नाव, पत्ता, कार्डाचा आकडा टाकतं तो मजकूर दहा ठिकाणी थांबत थांबत इथे पोचतो, आणि वाटेतल्या कोणालाही तो... एवढ्यात उम्मी म्हणाली, "म्हणजे लुआजमधून फश्का पाठवायचा आणि बूच लावायचं नाही." मी गोल खाली ठेवला. तुम्हाला आठवत असेल, पूर्वी ट्यूनिसला माल न्यायला एक लुआज-टॅक्सीवाला होता. त्याच्या टॅक्सीतून गेलेला फश्का प्रत्येक वेळी चार बोटं रिकामा पोचायचा आणि त्याची गाडी आठवडाभर नवरीसारखी घमघमायची. तेव्हापासून उम्मी बुचावर फडकं घालते आणि लाल दोऱ्याची ती तिची गाठ मारते. ती एकदा सोडली की जगात कोणालाही परत तशी मारता येत नाही. "कुलूप म्हणजे माझी गाठ," ती म्हणाली, "एवढ्यासाठी अख्खी पृथ्वी कशाला उचलून आणलीस?" मी पुस्तकाची चाळीस पानं वाचून जे समजलो नव्हतो, ते तिने मसुरातले खडे काढता काढता सांगून टाकलं. मला थोडा राग आला हे कबूल करतो.

गाठ मारायला म्हणून मी बसमाकडे गेलो. बसमा म्हणजे बाजाराच्या तोंडाशी नेटचं आणि झेरॉक्सचं दुकान चालवते ती. माझीच विद्यार्थिनी. भूगोलात तिला वीसपैकी सात होते, आणि ते ती विसरलेली नाही. ती म्हणाली, परदेशातली एक संस्था आहे, ती कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट देते. घरी येऊन मी फुकट हा शब्द उच्चारला मात्र, उम्मीने चाळणी खाली ठेवली. फुकट देणारा माणूस एक तर सोयरीक जुळवायला आलेला असतो किंवा निवडणुकीला उभा असतो, असं तिचं म्हणणं. त्यातून ते प्रमाणपत्र नव्वद दिवसांत संपतं, मग नवं घ्यायचं, हे कळल्यावर ती म्हणाली, "प्रमाणपत्र आहे की दही?" पुढे संस्थेने पुरावा मागितला, की वेबसाइट खरोखर तुमचीच कशावरून? खरं तर एक छोटी फाइल वेबसाइटवर नेऊन ठेवायची, म्हणजे घराचा मालक आत जाऊ शकतो हे सिद्ध होतं, एवढंच काम. पण उम्मी अपमानाने लाल झाली. या दूजाची भट्टी दूजाची कशावरून हे विचारणारा अजून जन्माला यायचाय, म्हणाली, आणि थेट मोहल्ल्याच्या सरकारी मुखियाकडून, उमदाकडून, रहिवासाचा दाखला घेऊन आली. तो दाखला मी ठेवून घेतला आहे. सरकारी कागद वाया जात नाही.

आता पुढचं सांगताना मान जरा खाली जाते. बसमाने सगळं करून माझ्या हातात दोन फाइली दिल्या. एक प्रमाणपत्र, ते जगाला दाखवायचं. दुसरी खासगी किल्ली, ती कोणालाही दाखवायची नाही. हे तिने मला सांगितलं असेल. ती म्हणते, तीनदा सांगितलं. पण मामा, मी सरकारी नोकरीत हयात घालवलेला माणूस. महत्त्वाचा कागद हातात पडला की त्याच्या दोन प्रती काढायच्या आणि नगरपालिकेत जाऊन सत्यप्रत करून आणायच्या, हे माझ्या रक्तात आहे. मी दोन्ही छापल्या आणि रांगेत उभा राहिलो. खिडकीतल्या कारकुनाने किल्लीची ती अक्षरं खालीवर करून पाहिली आणि मूळ प्रत मागितली. मी म्हटलं, मूळ प्रत हवेत आहे. तो सभ्य माणूस, हसला नाही. म्हणाला, "सत्यप्रत करता येणार नाही, गुरुजी. पण तुम्ही खाली सही केलीत, तर सही तुमचीच आहे एवढं प्रमाणित करून देतो." तर अशा रीतीने आमच्या गुप्त किल्लीखाली माझी सही, तिच्यावर तिकीट आणि तिकिटावर गोल शिक्का असा तो देखणा कागद तयार झाला. उम्मी इतकी खूश झाली की तिने तो चौकटीत बसवून दुकानात अब्बांच्या फोटोशेजारी लावला.

चार दिवस तो तिथे होता. येणारं गिऱ्हाईक वाचायचं, मान डोलवायचं. एका जर्मन पाहुण्याने तर त्याच्यासोबत फोटो काढून घेतला. पाचव्या दिवशी बसमा तिच्या सासूसाठी जिरेनियमचं पाणी न्यायला आली आणि भिंतीकडे बघून अशी किंचाळली, की उम्मीला वाटलं साप निघाला. "सी शाजली! ही किल्ली आहे! कुलूप लावलंत आणि किल्ली खिळ्याला टांगून ठेवलीत? वर शिक्का मारून?" तो 'सी' आदराचा होता, आवाज नव्हता. मी शांतपणे म्हटलं, शिक्का फक्त सहीचा आहे. त्यावर ती जे बोलली ते मी इथे लिहीत नाही, पण त्यात वीसपैकी किती गुण द्यायचे हा विषय होता. मग ते प्रमाणपत्र रद्द केलं, किल्ली नवी केली, आणि जुना कागद उम्मीने पावाच्या भट्टीत घालून वर नजर उतरवायला हर्मलच्या बियांची धुरी दिली. नवी किल्ली मला आजतागायत कोणी दाखवलेली नाही.

एवढं सगळं होऊनही कुलूप दिसेना! पत्ता बदलला, गाठ बसली, बसमा म्हणे सगळं चोख आहे, पण वर कुलूप म्हणून नाही. दोन दिवस ती स्क्रीनला नाक लावून बसली. शेवटी आठवड्यापूर्वी, नऊ तारखेच्या शनिवारी तिने मला बोलावलं आणि फार हळू आवाजात (ती हळू बोलली की मला भीती वाटते) विचारलं, "सी शाजली, हा मासा कुठून येतो?"

आता माशाची गोष्ट सांगायलाच हवी. आणि मामा, यातलं थोडं तुम्हाला ठाऊक नाही. आमच्या भट्टीच्या दारावरचा तो निळा चिनीमातीचा मासा, तुम्ही पहिल्या पगारातून आणून स्वतः शिडीवर चढून लावलेला, तो राहिला नाही. त्या साखरपुड्यानंतरच्या जानेवारीत मोठं वारं आलं, त्यात तो पडून फुटला. उम्मीने तुकडे गोळा केले. चिकटवून बघितला, पण पोटाचा एक तुकडा सापडलाच नाही. मी दुसरा आणतो म्हटलं. नाबलमध्ये माशांना काय तोटा, गल्लीगल्लीत कुंभार बसलेत. तिने ऐकलं नाही. दुसरा मासा नको, म्हणाली, नजर लागायची तेवढी लागू दे. मग मी वेबसाइट केली, तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली: खऱ्या दारावर नाही तर निदान या दारावर तरी तोच मासा असू दे. आणि तोच मासा आता साऱ्या जगात एकाच ठिकाणी उरला होता, सफाक्समधल्या एका स्टुडिओच्या जुनाट वेबसाइटवर, "जुन्या नाबलची दारं" या पानावर, तिसरा फोटो. मी तेव्हा नवशिका. तो फोटो आपल्याकडे आणून ठेवण्याऐवजी मी आपल्या वेबसाइटला नुसता त्याचा पत्ता दिला. म्हणजे कोणीही आमचं पान उघडलं की मासा दर वेळी सफाक्सहून निघून इथे यायचा. आणि त्या स्टुडिओवाल्या गृहस्थांनी (त्यांच्याबद्दल मला अत्यंत आदर आहे) आपल्या वेबसाइटला कुलूप कधी लावलेलंच नाही. उघड्या वाटेने आलेली एक वस्तू पानावर असली की ब्राउझर कुलूप दाखवत नाही. थोडक्यात, नजर लागू नये म्हणून टांगलेल्या माशानेच घर उघडं टाकलं होतं.

बसमा म्हणाली, यात काय आहे, फोटो उतरवून आपल्याकडे ठेवू, दोन मिनिटांचं काम. मी आनंदाने घरी येऊन उम्मीला सांगितलं. तिने हात धुतले, पुसले, आणि म्हणाली, "न विचारता उचललेला मासा राखण करत नाही. मालकाला विचार." मी म्हटलं, उम्मी, मालक कोण आहे तुला ठाऊक आहे ना? तर म्हणाली, "मला काय करायचंय कोण आहे ते? मी कोणाबद्दल काही बोलत नाहीये." दुसरा मासा लावू? नको. मासा काढून टाकू? लावलेला मासा कोणी काढतं का, म्हणून मलाच हर्मलची धुरी दिली. तेव्हापासून काम तिथेच अडलं आहे. चौदा दिवस उरलेत, बागांमध्ये कळ्या टरारल्या आहेत, भट्टी घासून लखलखीत केली आहे, आणि परदेशची मंडळी विचारताहेत, मागणी कधी घेणार?

असो. आमच्या कटकटी सांगून तुम्हाला कशाला त्रास. सहज लिहिलं. गुडघ्याला ऑलिव्ह तेल चोळत जा. लतीफामामींना सलाम, कॅनरीलाही.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
शाजली

ता. क. त्या स्टुडिओचं नाव तुम्हाला ओळखीचं वाटलं असेल. दाराच्या वर तुम्हीच रंगवलं आहे. तेव्हा मामा, माशाला परवानगी हवी आहे. फोनवर चालणार नाही, असं उम्मीचं म्हणणं. (म्हणजे ती काही म्हणाली नाही. मी हळूच फोन हातात घेतला, तर भिंतीकडे बघून म्हणाली, "फोनवर तर काय, कॅनरीसुद्धा हो म्हणते.") मालकाने समोर येऊन, दारात उभं राहून "घे" म्हटलं पाहिजे.

ता. क. दुसरा. आता खरं सांगतो. मासा मी मंगळवारीच गुपचूप उतरवून घेतला. दोन मिनिटंही लागली नाहीत. कुलूप त्या क्षणापासून लागलेलं आहे, बँकेचंही "ठीक" आलं आहे. हंगाम बुडू द्यायचा का? पण उम्मीला मी सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही सांगू नका. कारण ती रोज सकाळी विचारते, "मालकाचं काही उत्तर?" आणि कुलपाबद्दल एकदाही विचारत नाही. गुरुवारी तिने माणूस बोलावून वरच्या खोलीला चुना लावून घेतला. माशाला खोली लागत नाही, मामा. मलाही तुमच्याशिवाय तीन हंगाम नकोसे झाले. परवानगी द्यायला म्हणून या.

ता. क. तिसरा. हे पत्र लुआजवाल्या हम्माच्या हाती पाठवतो आहे, सोबत एक फश्का. वाटेत कोणी फोडून वाचेल ही चिंता नको. फश्क्याचं बूच आणि हे पाकीट, दोन्हींवर उम्मी स्वतः लाल दोऱ्याची गाठ मारणार आहे. यापेक्षा सुरक्षित काही नाही.

नासर,
गाठ मारायच्या आधी वाचलं. शाजलीला अजून कळत नाही, की गाठ मारणाऱ्याच्या हातात कागद उघडाच असतो. एकतीस वर्षं शिकवत होता, काय शिकवत होता कोण जाणे. कुलूप लागल्याचं बसमाने मला बुधवारीच दाखवलं. त्याला सांगू नकोस, बिचाऱ्याला वाटू दे.
मासा फुटला तेव्हा मी रडले. हे या पोरांना ठाऊक नाही.
पोटाच्या तुकड्याशिवाय मासा चिकटवून ठेवला आहे. तुझ्या हाताने दारावर लाव. गुडघा दुखत असला तर शिडी मी धरीन.
फुलं पंचवीसला. येताना बाटली आणू नकोस. पोटाचीसुद्धा.
दूजा